चौदा जानेवारीची नोंद

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे
२० जुलै १९९७

ती. दादांस,
दिनूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे, आनंदाने. बातमी आधी तुम्हालाच कळवायची होती आणि शब्द जुळत नव्हते. आपल्या मंडळाला येत्या जानेवारीत पन्नास वर्षे होतात. त्या निमित्ताने एक पुस्तक काढायचे ठरले आहे आणि अध्यक्ष गुणवंतरावांनी त्यासाठी माझे दिनविशेष निवडले आहेत. वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर एकोणीस वर्षे जे खडूने लिहिले आणि रोज संध्याकाळी पुसले, ते आता छापून येणार. तीनशे सहासष्ट दिवस, दिवसाला एक पान. मुखपृष्ठावर माझे नाव असेल.

चिठ्ठ्या तर तुम्ही पाहिल्याच आहेत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या, महिन्यावार बांधून ठेवलेल्या. गावात कोणाचे लग्न ठरले की मला कागदाचाच आनंद होतो, असे रमा म्हणते. त्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. एका पुराव्यावर मी आजवर फळ्यावर एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून एकोणीस वर्षांत एकदाही दुरुस्ती करावी लागली नाही. दफ्तरखान्यात सारा जन्म दुसऱ्यांचे कागद लावण्यात गेला. स्वतःचे म्हणावे असे एवढे एकच काम झाले आहे.

काही दिवसांची पाने भरता भरत नाहीत, तर चौदा जानेवारीचे पान मावता मावत नाही. पानिपत आहे, उत्तरायणाचे पतंग आहेत. वाडीत खांबाखांबांना दोरा ताणून काचेची लुगदी हाताने कशी फिरवतात, तेही लिहिले आहे. हलव्याच्या दागिन्यांवर तर रमानेच सांगितले. मंद आचेवर खसखशीला पाक पाजत बोटांनी हलवत राहायचे, घाई केली की काटा येत नाही आणि बोटे मात्र भाजतात. हे तिच्याकडून आणि तिच्या मावशीकडून असे दोन्हीकडून ताडून घेतले.

एक मागणे आहे, संकोच वाटतो तरी लिहितो. तीनशे सहासष्ट पानांत आपल्या घराण्याची एकही नोंद नाही. चार पिढ्या सरकारची चाकरी झाली, काहीतरी असेलच. नानांची कागदांची पेटी तुमच्याकडे पुण्यास आहे. सवड झाली तर पाहावे. आणि समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हीच यावे, असे मी मंडळाला सांगून बसलो आहे. नाही म्हणू नये.

तुमचा,
दिनू

ती. दादांस रमाचा नमस्कार. पत्राच्या शेवटी दोन ओळींची जागा मला नेहमीप्रमाणे मिळाली आहे. हे रात्रंदिवस चिठ्ठ्यांत असतात, जेवताना विचारलं की आमटी कशी झाली, तर आजची तारीख सांगतात. तुम्ही मात्र नक्की या.

•

पुणे
५ ऑगस्ट १९९७

चि. दिनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझे पुस्तक निघणार हे वाचून खुर्चीत सरसावून बसलो. कोणत्या तारखेला कोणास शिंक आली याची नोंद ठेवणारा माणूस आपल्या घराण्यात निपजला, आता घराणे अमर झाले असे समजायला हरकत नाही. रागावू नकोस. इतिहास लिहिणाऱ्याला चाळीस वर्षांत जे साधत नाही ते तुला खडूच्या कांडीने साधले, याचे कौतुकच आहे.

तुझ्या मागणीप्रमाणे नानांची पेटी उघडली. तळाशी मोडीतला एक कागद मिळाला, तो सोबत रजिस्टरने पाठवतो. पणजोबा बळवंतराव तेव्हा सरकारच्या फरासखान्यात, तंबू-दिव्यांच्या खात्यात, कारभारी होते. सन १८८५च्या संक्रांतीला, तारीख १४ जानेवारी, दिवेलागणीच्या सुमारास त्यांनी आपल्या दांडिया बाजारातल्या अगाशीवरून पतंग चढवला आणि दोराला कागदी कंदिलांची माळ बांधून वर सोडली. गाव लोटला होता आणि सरकारातून शालजोडी मिळाली, असे कागद म्हणतो. म्हणजे तुम्ही बडोदेकर उत्तरायणाला ज्या तुक्कला उडवता, त्यांची सुरुवात आपल्याच धाब्यावरून झाली असावी. मी काही ठामपणे सांगत नाही. तू तारखांचा माणूस, तूच पाहा.

समारंभाला येईन. चि. सौ. रमास आशीर्वाद. आमच्या चिरंजीवांचा, सिद्धार्थचा, अमेरिकेहून महिन्यातून एकदा फोन येतो, हवा कशी आहे ते विचारतो आणि ठेवतो. बाकी क्षेम.

तुझा,
दादा

•

बडोदे
१९ ऑगस्ट १९९७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. तीन वेळा वाचला. चौथ्यांदा रमाला वाचून दाखवला. नंतर चप्पल घालून बाहेर गेलो आणि समोरच्या फुटपाथवरून आपली अगाशी बराच वेळ पाहत उभा राहिलो. समोरच्या साडीवाल्याने काय पडलंय का म्हणून विचारले. अक्षर तर थेट आजोबांच्या वळणाचे आहे. त्यांनीच बळवंतरावांच्या तोंडून ऐकून पुढे लिहून ठेवले असणार.

दादा, एक अडचण आहे. दुसरा पुरावा नाही. तुमच्या हातून आलेल्या कागदावर संशय घेण्याची माझी काय प्राज्ञा. पण इतरांच्या आजोबांना जो नियम लावला, तो आपल्या पणजोबांना माफ केला तर उद्या कोणीही बोट ठेवील. फरासखान्यातल्या दुसऱ्या कोणाच्या घरी काही टिपण, रोजनिशी असण्याचा संभव आहे का? नाही मिळाले तर ही नोंद मी काळजावर दगड ठेवून गाळीन.

तुमचा आज्ञाधारक,
दिनू

रमाचा नमस्कार. ह्यांना आठवडाभर झोप नाही. असेल तर लवकर शोधा, नसेल तर लवकर नाही म्हणा.

•

पुणे
२७ ऑगस्ट १९९७

प्रिय जयसिंगराव,
स. न. वि. वि.

इंदूरला जाऊन तू वकिली केलीस आणि सुखी झालास. मी इतिहास शिकवला आणि आता धाकट्या भावाच्या पुस्तकाला प्रमुख पाहुणा म्हणून जाणार आहे. शाळेत आपण दिनूच्या दप्तरात बेडूक ठेवायचो, आठवते? आता तो पासष्टीला आला, दप्तर मात्र तसेच आहे. तुझी मदत हवी.

त्याला मी मोडीतला एक कागद पाठवला आहे. कागद नानांच्या पेटीतल्या कोऱ्या पानाचा, रंग चहाचा, बोरू माझा. आजोबांचे वळण मला लहानपणापासून साधते. पणजोबांनी १४ जानेवारी १८८५ला, संक्रांतीच्या दिवशी, पतंगाला कंदील लावले अशी कथा रचली. आता मौज ऐक. त्या साली संक्रांत बारा जानेवारीला होती. संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, हे कोणताही जुना पंचांगवाला सांगेल. पण आपले लोक तेवढा एकच सण इंग्रजी तारखेला खिळलेला समजतात. तिथ्या तपासतील, वार तपासतील, संक्रांत तपासणार नाहीत. दिनूही तपासणार नाही, पैज लाव.

त्याला दुसरा पुरावा हवा आहे. तुझे आजोबा फरासखान्यात होतेच. तू एवढेच लिही की त्यांच्या रोजनिशीत ह्या प्रसंगाची ओळ वाचल्याचे तुला स्मरते. तू माझा मित्र हे तो जाणतो, तरी आपण दोघे ठरवून काही करू असे त्याच्या मनात येणार नाही. मनात येणे हा त्याचा प्रांत नाही.

का करतो, हे तू विचारशील. माझे तीन ग्रंथ ग्रंथालयात आहेत. गेल्या वर्षी मुद्दाम जाऊन पाहिले, त्यांतल्या दोहोंची पाने अजून कापलेली नाहीत. आणि ह्या कारकुनाची चिठोरी रोज शंभर माणसे रस्त्यात उभी राहून वाचतात, गुजराती दुकानदार शेजाऱ्याकडून वाचून घेतात. मला ते सोसत नाही. खरे लिहायचे तर एवढेच कारण आहे. लोकांत त्याला मी शिस्तीचा धडा दिला असे सांगेन.

वहिनींना नमस्कार. पत्र फाडून टाक.

तुझा,
श्रीपत

•

बडोदे
६ ऑक्टोबर १९९७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

जयसिंगरावांचे पत्र आले. त्यांच्या आजोबांच्या रोजनिशीत, बळवंतरावांनी पतंगास दीप लाविले, अशी ओळ त्यांनी वाचली होती. रोजनिशी आता वाळवीने खाल्ली असली तरी स्मरण स्वच्छ आहे, असे लिहितात. तुमचा कागद पुण्याचा, त्यांची साक्ष इंदूरची, दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. नियम पुरा झाला. पत्र हातात घेऊन मी देवघरात गेलो आणि नानांच्या तसबिरीपुढे ठेवले. नानांनी आयुष्यभर मला एकच विचारले, तुझ्या हातून काय झाले. आता सांगायला काही आहे.

चौदा जानेवारीचे पान नव्याने जुळवले. पानिपत खाली सरकवले आणि बळवंतरावांना वर घेतले. मंडळाचा चिटणीस उत्कर्ष हे सगळे कॉम्प्युटरवर करतो. त्याला मराठी वाचता येते पण बोलतो गुजरातीत. काका, आ तो तमारा परदादा निकळ्या, म्हणजे हे तर तुमचे पणजोबा निघाले, असे म्हणाला आणि तुक्कलीचे चित्र आपणहून काढून दिले. हजार प्रती छापायच्या आहेत.

आणखी एक. विचारल्याशिवाय केले याची क्षमा असावी. अर्पणपत्रिकेत तुमचे नाव घातले आहे. ज्यांच्या शब्दाला दुसरा पुरावा लागत नाही त्या ती. दादांस, अशी ओळ आहे. तुम्हाला दुसरा पुरावा मागितला, त्याचे हे प्रायश्चित्त समजावे.

तुमचा,
दिनू

रमाचा नमस्कार. हे दिवाळीआधीच दिवाळी करून बसले आहेत. तुमचे उपकार.

•

बडोदे
२१ जानेवारी १९९८

चि. सौ. मोहनास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस आणि मी सगळं छान झालं म्हणाले, कारण बाबा समोर बसले होते. छान काही झालं नाही. नाशिकला तुला कोणाकडून तरी कळण्याआधी मीच लिहिते.

रविवारी मंडळाचा तिळगूळ समारंभ आणि पुस्तकाचं प्रकाशन एकत्र होतं. हॉल भरलेला, मागे लोक उभे. बाबांनी तुझ्या लग्नातला कोट घातला होता. काका बोलायला उठले. पहिली दहा मिनिटं इतकं गोड बोलले की माझे डोळे भरून आले. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि बाबांना माइकपाशी बोलावून चौदा जानेवारीचं पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. बाबांनी वाचलं. बळवंतरावांचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

काकांनी विचारलं, की १८८५ साली संक्रांत कितीला होती. बाबा म्हणाले, चौदाला, ती कायम चौदालाच असते. काकांनी खिशातून त्या सालचं पंचांग काढलं आणि गुणवंतरावांच्या हातात दिलं. बारा जानेवारी, सोमवार. गुणवंतरावांनी ते माइकवर वाचलं. लोक हसले. मग काकांनी सांगितलं की तो मोडी कागद त्यांनीच चहात बुडवून तयार केला आणि जयसिंगरावांची साक्षही त्यांनीच मागवली. तेव्हा तर हॉल नुसता खदखदला. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांच्या हातात मी केलेला हलवा होता.

बाबा पुस्तक हातात धरून तिथंच उभे. त्यांना वाटलं असावं की अजून काही वाचायचं राहिलंय. काका एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, आमचे वडील गेले तेव्हा सेवेला दिनू होता, पण शेवटच्या दिवशी नाव माझं घेत होते. घराण्याची विद्या कोणाकडे गेली ते बापाला कळतं. मग खाली बसले. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांचा सत्कार होता, म्हणून बाबांनीच त्यांना शाल पांघरली आणि नारळ दिला. वाकून नमस्कारही केला.

सोमवारी मंडळानं विक्री थांबवली. प्रती गठ्ठ्यांतच आहेत. एक नोंद खोटी म्हटल्यावर बाकीच्या तीनशे पासष्टांवर कोण विश्वास ठेवील, असं गुणवंतराव म्हणाले. फळाही काढून घेतला. तिथं आता कॉम्प्युटर क्लासची जाहिरात लावली आहे. काल बाबा दूध आणायला गेले तर समोरच्या साडीवाल्यानं विचारलं, काका, आजे कई तारीख, पाक्की ने? आजची तारीख नक्की ना, म्हणून. भाजीवालीही तेच विचारते. आजपासून दूध मी आणते. ते माजघरात बसून असतात, चिठ्ठ्यांकडे बघत नाहीत.

तू लगेच यायची घाई करू नकोस. तुला पाहून त्यांना आणखी लाज वाटेल.

तुझी,
आई

•

पुणे
२८ जानेवारी १९९८

चि. दिनूस,
अनेक आशीर्वाद.

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू बाथरूममध्ये असल्याचे रमाने सांगितले. एवढी स्वच्छता बरी नव्हे. थट्टा मनाला लावून घेतलीस असे दिसते. अरे, माणसे किती हसली ते पाहिलेस ना? तुझ्या पुस्तकामुळे बडोद्यातली मराठी मंडळी कित्येक वर्षांनी एकत्र पोट धरून हसली, हेही एक दिनविशेषच म्हणायचे. अठरा जानेवारीच्या पानावर जागा असली तर घाल.

थट्टा सोडून सांगतो. पुरावा म्हणजे दोन कागद नव्हेत. पुरावा म्हणजे शंका. ती तुझ्यात नाही, लहानपणापासून नाही. बेडूक निघाला तरी दुसऱ्या दिवशी दप्तर तसेच उघडे टाकून खेळायला जायचास. हा धडा तुला सख्ख्या भावाकडून मिळाला, परक्याकडून मिळाला असता तर जास्त लागले असते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी माझे आभार मानशील.

अर्पणपत्रिका चांगली होती. ती तशीच ठेव.

तुझा,
दादा

•

बडोदे
९ फेब्रुवारी १९९८

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. धडा घेतला. माझ्या नोंदींत केवळ एका पुराव्यावर उभे असलेले काय काय आहे, ते शोधले. पुस्तकात काही सापडले नाही. पुस्तकाबाहेर एक सापडले. ते दुरुस्त करणे माझे कर्तव्य आहे.

दिनांक ३ मार्च १९७४. त्या दुपारी नाना गेले. तुम्ही दिल्लीला अधिवेशनात होता, तिसऱ्या दिवशी पोचलात. तुम्ही ओट्यावर बसून रडत होता आणि मला ते पाहवेना. तेव्हा मी तुम्हाला सांगितले, आणि पुढे पत्रातही लिहिले, की नाना शेवटच्या दिवशी सारखे, श्रीपत आला का, असे विचारत होते. ह्या नोंदीला पुरावा माझ्या एकट्याचा. तो खोटा आहे. ते मी रचले.

नाना त्या दिवशी शुद्धीवर होते. पाणी मागितले, उशी सरळ करायला सांगितली, घड्याळाला चावी दिली का ते विचारले. तुमचे नाव निघाले नाही. अठरा तारखेच्या भाषणात तुम्ही ती नोंद भर सभेत वापरलीत म्हणून कळवणे भाग पडले. नाहीतर कळवले नसते.

लोभ होता. तो आहे असे धरून चालू नये.

दीनानाथ

•

पुणे
१६ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. रमास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे, दिनूला दाखवू नये. त्याच्या शेवटच्या पत्राखाली प्रथमच तुझ्या दोन ओळी नव्हत्या. त्यामुळे त्याने काय लिहिले ते तू वाचलेस की नाही, कळत नाही. नानांनी शेवटी माझे नाव घेतले नव्हते, असे तो लिहितो. हे रागाने लिहिले असेल असे मी स्वतःला रोज सांगतो. पण दिनू खोटे बोलत नाही. हे मीच सर्वांना सांगत आलो आहे, हसत हसत.

त्या दिवशी खोलीत तू होतीस. नानांना पाणी पाजायला तूच होतीस.

रमा, मी वडिलांच्या शेवटच्या घटकेला नव्हतो. अधिवेशनात माझा निबंध होता, तार आली तेव्हा तो वाचून निघावे असे मला वाटले. हे कोणाला ठाऊक नाही. तार आदल्या सकाळीच मिळाली होती. नानांनी माझी वाट पाहिली, म्हणजे त्यांचा माझ्यावर राग नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर मी चोवीस वर्षे काढली. इथे घरात दुसरे कोणी नाही. मला आता बहात्तरावे चालू आहे. सभेत मी जे केले ते वाईट केले. त्याची शिक्षा दुसरी कोणतीही दे. पण खरे काय ते लिही, मी ते मानीन.

तुझा,
दादा

•

बडोदे
२३ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. मोहनास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा डबा मिळाला, चिवडा बाबांनी दोन घास खाल्ला. प्रकृती तशीच. तुझ्या काकांचं मला पत्र आलंय, ते सोबत पाठवते. वाच आणि जाळून टाक.

बाबांनी त्यांना लिहिलेलं पत्र मी वाचलं होतं. नेहमीसारखी खाली जागा सोडून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं होतं. मी एक अक्षर न घालता पाकीट बंद केलं. ह्यांच्याशी लग्न होऊन अडतीस वर्षं झाली, ह्यांनी केलेलं हे पहिलं खोटं. ते लिहिताना तीन कागद फाडले.

खरं काय ते तुला सांगते, म्हणजे कोणाला तरी ठाऊक असेल. मामंजी त्या दिवशी सकाळपासून श्रीपत, श्रीपत करत होते. मी पाण्याचा चमचा तोंडाशी नेला की तो हातानं बाजूला सारून विचारायचे, आला का, टांगा वाजला का. शेवटचा शब्दही तोच. तुझे बाबा आठ महिने त्यांचं हगणंमुतणं काढत होते, त्या दिवशी पायाशी बसून तळवे चोळत होते. त्यांचं नाव मामंजींनी एकदाही घेतलं नाही. डोळे उघडले तरी त्यांच्यावरून पलीकडे दाराकडे बघत. मी ते बघितलंय. चोवीस वर्षं मला ते खुपतंय, आणि हे मात्र एकदाही बोलले नाहीत.

काका खरं मागतायत. एका ओळीचं काम आहे. दोन दिवस मी तीच ओळ मनात लिहितेय. म्हातारा माणूस आहे, एकटा आहे, मलाही कळतं. पण आज सकाळी रद्दीवाला आला होता. हे उठले, चिठ्ठ्यांचे बाराही गठ्ठे बाहेर आणले आणि स्वतःच्या हातानं तराजूत ठेवले. रद्दीवाल्यानं विचारलं, काका, पस्ती छे के कामनुं छे? रद्दी की कामाचं, म्हणून. हे म्हणाले, पस्ती.

आता दुपारचे तीन वाजलेत. हे झोपलेत. काकांना उत्तर लिहायला बसते.

तुझी,
आई

•

दांडिया बाजार, बडोदे
२३ फेब्रुवारी १९९८

ती. दादांस,
रमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ह्यांना दाखवलेलं नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी दिवसभर मामंजींच्या उशाशीच होते, त्यामुळे ऐकण्यात माझी चूक होणार नाही. हे लिहितात ते बरोबर आहे. मामंजींनी तुमचं नाव घेतलं नाही. तार केल्याचं मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, त्यावर त्यांनी मान फिरवली.

शेवटी एवढंच म्हणाले, की दिनू सकाळपासून उपाशी आहे, त्याला आधी वाढ.

थंडी संपली आहे, पण पहाटे अजून गारठा असतो. तुम्ही एकटे असता, प्रकृतीला जपावं. आमची काळजी नसावी.

आपली,
रमा